समोरच्या पायरीवरचं पन्हं

मंडळी, जरा सावलीला बसा आणि आधी एक सांगा. तुम्ही परक्या गावच्या बाजारात उभे आहात. ओळखीचं कुणी नाही. दोन दुकानं समोरासमोर, दोन्हीकडे गूळच, दोन्ही मालक हसतमुख. भरवसा कुणावर ठेवाल? जो आपला गूळ चांगला म्हणतो त्याच्यावर, की जो समोरच्याचा चांगला म्हणतो त्याच्यावर?

घाई नको. आमच्या जांभूळपेठेला या प्रश्नाचं उत्तर सापडेस्तोवर पेठच उठायची वेळ आली होती म्हणे.

आता तिकडे बघा. चैत्राचा बाजार भरलाय. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर मडकं घेऊन बसलेले ते गृहस्थ दिसतात ना, ते भांडी विकत नाहीत. त्यांचं दुकान रस्त्यापलीकडे, चपलांचं. आणि चपलांच्या दुकानाच्या पायरीवर ज्या बाई ओगराळ्यानं पेले भरताहेत, त्या भांडीवाल्यांच्या घरच्या. गेल्या चैत्रात पुण्याचं एक जोडपं आलं होतं. त्यांनी या गृहस्थांनाच कढईचा भाव विचारला. हे म्हणाले, "भाव मालक सांगतील, मी समोरचा. आधी हे प्या." तशी ती बाई नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली, "अहो, उन्हानं हा माणूस दुकान चुकलाय वाटतं."

चुकलेला नाही. चैत्रभर आमच्या पेठेत जो तो समोरच्याच्या पायरीवर बसतो आणि समोरच्याच्या गिऱ्हाइकाला पन्हं देतो. पेला खाली ठेवेपर्यंत काय हवं, कुठून आलात, कुणाकडे निघालात, यातलं काही विचारायचं नाही. ही रीत कुणी घातली असं विचाराल तर पेठेतलं पोरसुद्धा संगप्पाचं नाव सांगेल.

हा संगप्पा गुळाचा व्यापारी. कधीच्या काळचा, ते नक्की कुणाला ठाऊक नाही. रेल्वे नव्हती, सडका नव्हत्या, तेव्हाचा म्हणतात. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून वर यायचं. लमाणांचे तांडे ते घेऊन यायचे, पेठेत उतरवायचे आणि परत जाताना गूळ-मिरची भरून न्यायचे. गावाच्या वरच्या अंगाला ही जी खिंड आहे, तिच्यातून तांडा उतरू लागला की शेकडो बैलांच्या गळ्यांतल्या घंटा एकदम वाजायच्या. तो नाद कानी आला की पेठ जागी व्हायची. बायका चुलीवरचं आधण तसंच टाकून दारात यायच्या. मीठ आलं म्हणजे सणासुदीची बेगमी झाली, असा तो नाद.

पण पेठेला एक खोड लागली होती. वाडवडील वाटसरूला पाणी द्यायचे, तेव्हा त्या पाण्याला काही अर्थ नव्हता. तहान लागली, पाणी दिलं, एवढंच. पुढं कुणा हुशार माणसाच्या डोक्यात आलं, की माझ्या दारचं पाणी प्याला तो माझंच गिऱ्हाईक. त्यानं तसं बोलून दाखवलं, प्यालेला माणूस भिडेखातर त्याच्याकडेच माल उतरवून मोकळा झाला, आणि बघता बघता सगळ्यांनी ती युक्ती उचलली. पाणी प्यालं की सौदा ठरला, असा पेठेचा दंडकच होऊन बसला. मग काय विचारता! तांडा दिसला की दुकानदार लोटे घेऊन खिंडीकडे पळायचे. एक म्हणायचा माझं प्या, दुसरा म्हणायचा माझं. कुणी बैलाची वेसण धरायचा, कुणी नायकाचा हात. आणि दुसऱ्याचा लोटा तोंडाला लागू नये म्हणून कोपरं मारायचे.

यात संगप्पा सगळ्यांच्या पुढं. त्याचा आवाज असा, की दुकानातून हाळी दिली तर खिंडीतला बैल कान टवकारायचा. मन वाईट नव्हतं. देवळाला तेल द्यायचा, कुणाच्या घरी कार्य असलं तर न बोलावता मांडवाला हात लावायचा. पण गिऱ्हाईक दिसलं की त्याच्या अंगात काहीतरी संचारायचं. त्याच्या समोरच नीलव्वाचं दुकान, तेही गुळाचं. नीलव्वा विधवा बाई, जिभेची तिखट आणि गुळाची पारखी. तिच्या पायरीवर चढलेला माणूस संगप्पानं हाताला धरून आपल्याकडे आणला नाही, असा बाजार जात नव्हता.

एका चैत्रात भर दुपारी तांडा उतरला. नायकाचं नाव रूपला. अंगानं उंच, बोलणं कमी, आणि शब्द असा की घाटावरचे बाकीचे तांडे त्याच्या मागनं चालायचे. त्याची बायको पुनी त्या दिवशी तापानं फणफणली होती. वाटेतला ओढा आटलेला, पखाली रिकाम्या. पेठेच्या तोंडाशी येईपर्यंत तिचे ओठ फाटले होते. तिनं समोर दिसेल त्याच्यापुढं ओंजळ धरली.

भोवती लोट्यांचा गराडा पडला. सगळे भरलेले. पण एकाचा पुढं आला की दुसरा तो मागं सारायचा. अखेर नीलव्वा वाट काढत आत शिरली आणि तिनं आपला तांब्याचा लोटा पुनीच्या ओंजळीवर कलता केला. पाण्याची धार सुटणार, तेवढ्यात संगप्पाला दिसलं ते फक्त एवढंच, की मीठ समोरच्या दुकानात चाललं. त्यानं हात मारला. लोटा दगडावर आपटून घणघणत गेला आणि पाणी तापलेल्या फुफाट्यानं पिऊन टाकलं.

"इकडं या, नायक!" संगप्पा जोरात म्हणाला. "माझ्याकडं वाळा घातलेलं पाणी आहे, गारेगार!"

कुणी हललं नाही. पुनी आपल्या कोरड्या ओंजळीकडे बघत उभी होती. तिनं हात खाली घेतले, ओढणीला पुसले, जणू ते ओलेच झाले होते, आणि मुकाट्यानं बैलामागं जाऊन उभी राहिली.

रूपला नायकानं डोक्याचं मुंडासं सोडलं. त्याची एक पट्टी फाडली आणि सगळ्यात पुढच्या बैलाच्या घंटेची जीभ त्या पट्टीनं आवळून बांधली. मग तो पेठेकडे वळला.

"आमच्यात मयताच्या दारावरून जाताना घंटा बांधत्यात," तो म्हणाला. "तुमच्या गावात पाणी मेलंय. हितनं पुढं माझा तांडा या वाटेनं जाईल तो असाच जाईल."

तांड्यातल्या माणसांनी आपापली मुंडाशी सोडली. एकेक घंटा मुकी झाली. एवढी जनावरं, एवढी माणसं, पण पेठेतून जाताना नुसता खुरांचा आवाज. तेव्हापासून त्या खिंडीला मुकी खिंड म्हणू लागले.

नायकानं मीठ पुढच्या वडजी गावच्या पेठेत उतरवलं. त्याचं पाहून दुसरे तांडेही वडजीला जाऊ लागले. जाताना वाट आमच्याच पेठेतली, पण घंटा बांधलेल्या आणि नजर समोर. व्यापारी दुकानात बसून खुरं ऐकायचे. दिवाळी आळणी गेली म्हणतात, आणि ती खरोखरच आळणी गेली असणार. संक्रांतीपर्यंत दोन आळ्यांना कुलपं लागली. माघात पंच देवळात बसले आणि त्यांनी ठरवलं: येत्या चैत्रात एखादा तरी तांडा आपल्या खुशीनं इथं उतरला तर ठीक, नाहीतर अक्षय्य तृतीयेला सगळ्यांनी दुकानं उचलायची आणि वडजीला जायचं.

वडजीच्या व्यापाऱ्यांनी निरोप धाडला. सगळ्यांना जागा देऊ, एक संगप्पा सोडून.

आता बघा, माणसाला दुकान बुडाल्याचं दुःख असतंच. पण आपण सोडून सगळं गाव जाणार, आणि त्या मोकळ्या पेठेत आपण एकटे हाळ्या देत बसणार, हे चित्र संगप्पाच्या डोळ्यांपुढून हलेना. तो लोकांना सांगत सुटला, लोटा काय मी एकट्यानं ओढला होता? सगळेच ओढत होते. ते खरंही होतं. पण ऐकायला कुणी उभं राहीना. मिरचीवाला भोजलिंग तर तोंडावर म्हणाला, "अण्णा, तुमची हाळी आता राखून ठेवा. चैत्र संपला की घुबडांना बोलवायला कामाला येईल."

अशात फाल्गुनात त्याचा मेहुणा आला, बायकोचा सख्खा भाऊ. उन्हातून आलेला. संगप्पाची बायको गौरव्वा लगबगीनं पाणी घेऊन आली, भावानं घटाघटा पिऊन तांब्या खाली ठेवला, आणि ती गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "दादा, पाणी प्यालास ना? आता तुझ्या शेंगा आमच्याकडंच घालायच्या. भाव आमचे हे सांगतील."

भावाला काही कळेना. "म्हंजे? अगं, मी तुला भेटाया आलोय."

"भेटायला आलास ते खरं. पण पाणी प्यालास ना? आमच्या पेठेचा कायदा आहे."

"थट्टा पुरे," संगप्पा म्हणाला.

"थट्टा मी आज केली," गौरव्वा म्हणाली. "तुम्ही सगळे जन्मभर करत आलात. माझ्या दारात आलेल्याला मी पाणी देते आणि विसरते. तुम्ही देता आणि वसूल करता. त्या लमाणबाईला नुसतं पिऊ दिलं असतंत, तर मीठ नीलव्वाकडं गेलं असतं. एवढंच ना? गेलं असतं तर गेलं असतं. आज कुठं गेलंय?"

संगप्पा उठला आणि सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन बसला. दुपार टळेपर्यंत बसून होता. मग पिंडीवर हात ठेवून त्यानं शपथ घेतली असं सांगतात: या पेठेत बैलाची घंटा पुन्हा वाजेपर्यंत मी माझ्या दुकानासाठी कुणाला साद घालणार नाही, आणि पाणी देईन ते माझ्या दारी देणार नाही. दारी का नाही, तर तो व्यापारी होता, त्याला बाजाराचं नाक ठाऊक होतं. त्याच्या पायरीवर अमृत जरी ठेवलं तरी लोकांना त्याला सौद्याचा वास आला असता.

मग द्यायचं कुठं? दुकानात परतून त्यानं समोर पाहिलं, तर समोर नीलव्वाची पायरी.

गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तो मडकं डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडून नीलव्वाच्या पायरीशी उभा राहिला. गौरव्वानं परसातल्या कैऱ्या उकडून गर काढून दिला होता.

"अक्का, इथं बसू का?"

नीलव्वानं तागडी खाली ठेवली. "का? तुमची पायरी खचली?"

"तुमच्या गिऱ्हाइकांना पन्हं देईन म्हणतो."

"आणि पन्ह्यात काय घालणार? जमालगोटा?"

"गूळ घालणार, अक्का. वेलदोडा."

"कुणाचा गूळ?"

"माझ्या दुकानचा."

"म्हणजे जमालगोटाच झाला की." ती उठून पायरीवर आली. "तुमचा गूळ घालून माझ्या दारात वाटायचं, आणि प्यालेला माणूस म्हणणार, नीलव्वाच्या दुकानी गेलो न् तोंड खारट करून आलो. फार लांबचा डाव टाकलात, अण्णा."

संगप्पाचा स्वभाव उसळून आला. त्यानं जीभ दातांखाली धरली. मग म्हणाला, "तुमचाच द्या. विकत घेतो."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. समोरचा दुकानदार आपल्याकडून गूळ विकत घेतोय, तोही भर बाजारात, चारचौघांदेखत! तिनं निवडून एक पिवळीधमक ढेप काढली, त्याच्यासमोर फोडली आणि एक खडा त्याच्या हातावर ठेवला. संगप्पानं तो तोंडात टाकला. इतकी वर्षं या गुळाला नावं ठेवून त्यानं गिऱ्हाइकं फिरवली होती, आणि चव मात्र आज पहिल्यांदा घेतली. मग पहिला पाहुणा पायरी चढला, त्याला पेला देऊन पुटपुटला, "गूळ इथलाच घ्या. चांगला आहे."

हे वाक्य बोलताना त्याला घाम फुटला होता, असं सांगतात. मी दुकानदार आहे, मला यात काही खोटं वाटत नाही.

पहिले दोन दिवस नीलव्वा एक डोळा तागडीवर आणि एक डोळा त्याच्यावर ठेवून होती. रस्त्यापलीकडे संगप्पाचं दुकान उघडं, गादी रिकामी. कुणी आलंच तर गौरव्वा आतून येईपर्यंत ताटकळायचं. तिसऱ्या दिवशी नीलव्वानं आपल्या सुनेला गादीवर बसवलं, दुसरं मडकं उचललं आणि रस्ता ओलांडून ती संगप्पाच्या पायरीवर जाऊन बसली.

"अक्का, अहो, तुम्ही कशाला?" संगप्पा ओरडला.

"तुम्ही माझ्या दारात बसून माझा गूळ वाखाणणार आणि मी गप बसून ऐकणार? माझ्याच्यानं तुमचं ओझं उचलवत नाही." मग आलेल्या गिऱ्हाइकाला ती म्हणाली, "यांचा गूळ खायला बरा नाही. पण काकवी यांच्यासारखी पंचक्रोशीत नाही, ती घ्या. आधी हे प्या, उन्हातनं आलाय."

पेठेत हसू पिकलं. पुष्कळ दिवसांनी पिकलं. भांडीवाला उठून समोर गेला, कापडवाला त्याच्या समोर गेला. काहींना ते पटलं होतं, काही नुसते गंमत म्हणून गेले. भोजलिंग मात्र आपल्या मिरच्यांच्या राशीपाशी बसून सांगत राहिला, की या पन्ह्यानं पेठ बुडायच्या आधी पेठेला सर्दी होणार.

आणि एके दिवशी दुपारी खिंडीत धूळ दिसली. आवाज नव्हता, नुसती धूळ. रूपला नायकाचा तांडा.

सगळी पेठ रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी राहिली. कुणी पुढं पळालं नाही, कुणी हाळी दिली नाही. अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती. हा शेवटचा तांडा, हे सगळ्यांना कळत होतं. संगप्पा नीलव्वाच्या पायरीवरून उतरला, लोटा भरून घेतला आणि वाटेच्या कडेला उभा राहिला, मधोमध नाही. नायक त्याच्याजवळ आला आणि थांबला. ओळख तर दोघांची होतीच.

"कुणाचं पाणी?" नायकानं विचारलं.

"पन्हं आहे. कैरी माझ्या परसातली, गूळ या अक्काचा, मडकं कुंभाराचं, पाणी विहिरीचं. माझं म्हणून यात काही नाही."

"प्यालो, तर मीठ कुठं उतरायचं?"

"तुमच्या मनाला येईल तिथं."

"वडजीला उतरणार आहे."

"वडजीची वाट उन्हाची आहे, नायक. मग एक लोटा जास्त घ्या."

मागनं पुनी पुढं आली. संगप्पानं लोटा तिच्यापुढं धरला. "बाई," तो म्हणाला, "गेल्या वर्षी मी तुमच्या तोंडचं पाणी सांडलं. त्याची भरपाई नाही. हे आजचं आहे, आजची तहान भागली तर बघा."

पुनीनं ओंजळ धरली. ती प्याली, पुन्हा धरली, पुन्हा प्याली. मग नायक प्याला. मग गडी, बाया, म्हातारी माणसं. दोन्ही पायऱ्यांवरची मडकी रिती होत होती आणि घराघरांतून भरून येत होती. त्या दिवशी एकाही मडक्याचा तळ दिसला नाही म्हणे. तोंडं पुसून झाली तसा नायकानं हात वर केला, आणि तांडा निघाला. वडजीच्या दिशेनं.

"झालं!" भोजलिंग दबक्या आवाजात फुत्कारला. "प्याले आणि चालले! अरे, कुणी तरी धरा त्या—"

"भोजा," नीलव्वा शेजारून म्हणाली, "तोंड उघडलंस तर हे मडकं तुझ्या डोक्यावर फोडीन. पाहुणे जाताहेत. हात जोड."

भोजलिंगानं हात जोडले. सगळ्या पेठेनं जोडले.

संगप्पा तांड्याबरोबर चालू लागला. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. पुढचा बैल, हंसा त्याचं नाव, त्याच्या अगदी हाताशी चालला होता. कासरा लोंबत होता. जन्मभराची सवय, त्याची बोटं आपोआप वळायला लागली. नुसतं धरलं असतं, एकदा विनवलं असतं! त्यानं एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट पाठीमागं आवळून धरलं आणि तसाच चालत राहिला. दुकानं संपली. वेशीबाहेरचा काळा खडक आला. तिथं तो थांबला.

"या, नायक," तो म्हणाला. "पुढच्या चैत्रात या वाटेनं आलात, तर पन्हं असेल. पेठ नसली तरी मी असेन."

आणि हंसा खडकावर थांबला. नायकानं चुचकारलं, गड्यानं मागनं लोटलं. बैल जागचा हलेना. त्यानं मान एकदा डावीकडं झटकली, एकदा उजवीकडं, आणि गळ्यातली पट्टी सुटून खाली पडली. घंटा वाजली.

एकच घंटा. पण वर्षभर मुक्या राहिलेल्या त्या वाटेवर ती अशी घुमली, की देवळातल्या पुजाऱ्यानं हातातली आरती तशीच धरली म्हणे. त्या खडकात आज बैलाचे खूर दिसतात, ते उमटले त्याच वेळी. तुम्हाला जाताना दाखवीन. आता लमाणांच्या तांड्यावर ही गोष्ट वेगळी सांगतात. त्यांच्या बाया म्हणतात, बैलबिल काही नाही, पन्हं प्याल्यावर पुनीनंच चालता चालता गाठ सैल करून ठेवली होती. मला विचाराल तर दोन्ही खरं असायला काय हरकत आहे? गाठ तिनं सैल केली असेल. थांबला मात्र बैलच.

नायकानं बायकोकडं पाहिलं. पुनी म्हणाली, "जनावराला कळलं. तुम्हाला कधी कळतंय याची वाट बघून ते दमलं."

तशी रूपला नायकाच्या मिशीत हसू फुटलं. त्यानं स्वतः दुसऱ्या बैलाची पट्टी सोडली. मागचे गडी धावले. मुंडाशांच्या चिंध्या हवेत उडाल्या, आणि शेकडो घंटा एकदम सुटल्या. पेठेत बाया रडल्या, पुरुषांनी फेटे उडवले, आणि भोजलिंग मिरचीवाला सगळ्यांत मोठ्यानं ओरडत पळाला, "तरी मी म्हणत होतो! तरी मी म्हणत होतो!"

तांडा वळून पेठेत आला. "सांग शेठ, मीठ कुठं उतरू?" नायकानं विचारलं.

"अक्कांच्या दारी," संगप्पा म्हणाला.

"माझ्या दारी कशाला?" नीलव्वा कडाडली. "शपथ त्यांची, उन्हात ते बसले, लाज त्यांनी गिळली. त्यांच्या दारी उतरा."

"अक्का, लोटा तुमचा सांडला होता!"

"सांडला तो माझा होता, सांडणारे तुम्ही होता, उतरा तुमच्याकडंच!"

नायकानं कपाळाला हात लावला. "मागं तुम्ही ओढत होता, आता ढकलताय. माझ्या बैलांना या गावात सुख नाही!" आणि त्यानं भर रस्त्यात, दोन दुकानांच्या बरोबर मधे, गोण्या सोडायला लावल्या. पांढराशुभ्र ढीग दोन्ही ओट्यांच्या वर गेला. "हे उभ्या पेठेचं मीठ," तो म्हणाला. "वाटून घ्या."

अक्षय्य तृतीयेला जांभूळपेठेतून एकही दुकान उठलं नाही. उलट वडजीचे दोन व्यापारी इकडं जागा मागायला आले. संगप्पानं त्यांना पन्हं दिलं, आणि पेला खाली ठेवेपर्यंत कशाला आलात ते विचारलं नाही.

आजही चैत्राच्या पहिल्या बाजाराला मिठाचा एक ढीग रस्त्याच्या मधोमध ओततात आणि जाणारा-येणारा चिमूटभर घरी नेतो. बैलांचे तांडे केव्हाच गेले, आता मीठ टेम्पोतून येतं. पण टेम्पोवाले आरशाला घंटा बांधून खिंड उतरतात, आणि नाव मुकी खिंड असलं तरी त्या दिवशी तिथं बोललेलं ऐकू येत नाही. आजही इथं दुसऱ्याच्या पायरीवर चढलेल्या माणसाला कुणी साद घालत नाही. आणि आजही काही विकत न घेता निघालेल्या पाहुण्याला आम्ही घेणाऱ्यापेक्षा चार पावलं जास्त पोचवतो.

तेव्हा मंडळी, प्या हे. भरवसा कुणावर ठेवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, तुम्ही शहाणी माणसं. मात्र तुम्ही या पेठेचे पाहुणे, म्हणून एक मागणं आहे. घरी जाऊन आजच्या खर्चाचा आकडा मांडाल, तेव्हा घेतलेला माल लिहा, दिलेले पैसे लिहा, पैचीही गफलत करू नका. आणि उद्या तुमच्या दारी कुणी तहानलेला आला, तर त्याला पाजलेलं पाणी त्या वहीत कुठंही येऊ देऊ नका. एवढा हिशेब तेवढा खरा ठेवा.